चार मेणबत्त्यांची परवानगी: पहिला विज्ञान-कार्यक्रम उभा करताना

२२ नोव्हेंबरला आमचा पहिला जाहीर विज्ञान-कार्यक्रम पार पडला. विषय हवा, वेळ सव्वा तास, आणि समोर प्राथमिक शाळेतल्या मुलांपासून त्यांच्या आजी-आजोबांपर्यंत सगळ्या वयांचे लोक. जानेवारीत हे करायचं ठरलं तेव्हा प्रयोगांची माहिती हवी तेवढी मिळाली. मधल्या गोष्टींबद्दल मात्र कुणीच काही लिहिलेलं सापडेना. अर्ज कुणाकडे करायचा, त्यात काय लिहायचं, उत्तराची वाट किती बघावी लागते, पैसे कुठे जातात, आणि रात्री झोप लागू नये इतकी भीती वाटली तर ती रास्त आहे का? हे सगळं आम्हाला करत करतच कळलं. तुम्हाला ते आधी कळावं म्हणून क्रमाने लिहिते आहे.

आम्ही तिघं. मी भौतिकशास्त्र शिकवते, माझी मैत्रीण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिचा भाऊ हौशी नाटकांची प्रकाशयोजना बघतो. तिघांत सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या तिसऱ्याचा. विज्ञान जाणणारी माणसं मिळतात. मंच, वायरी, आवाज आणि प्रेक्षकांपासूनचं अंतर यांचा विचार करणारा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या.

जानेवारीतल्या पहिल्या बैठकीत जे आठवेल ते फळ्यावर लिहिलं: रंगीत ज्वाला, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेसाचं कारंजं, हात लावताच केस उभे करणारं व्हॅन डी ग्राफ यंत्र, तांब्याच्या नळीतून सावकाश उतरणारा चुंबक, हायड्रोजनचा फुगा, द्रव नायट्रोजन. एकेक प्रयोग देखणा होता. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता, आणि असे सुटे चमत्कार पाहून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सांगतो ते एवढंच, की खूप धूर आला आणि मोठा आवाज झाला. आम्हाला ते नको होतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं १८२५ पासून होत आली आहेत. तिथे मायकेल फॅरडेने १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६० मध्ये एका मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला दिली होती. एक मेणबत्ती पुरते, तर आम्हालाही एक धागा पुरायला हवा होता.

धागा ठरला तो असा: हवा ओढत नाही, ढकलते. स्ट्रॉ, पिचकारी, काचेला चिकटणारा रबरी कप, प्रत्येक ठिकाणी आपण ‘ओढलं’ म्हणतो आणि प्रत्येक ठिकाणी काम करते ती बाहेरची हवा. दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ एक किलो वजनाइतका तिचा दाब असतो आणि तो आपल्याला जाणवतही नाही. सतराव्या शतकाच्या मध्यात ऑटो फॉन गेरिके या जर्मन संशोधकाने मागडेबुर्ग शहरात नेमकं हेच लोकांसमोर मांडलं होतं. तांब्याचे दोन अर्धगोल जोडायचे, आतली हवा काढायची आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपायचे. अर्ध्या मीटर व्यासाचे गोल असले तर ते सोडवायला सुमारे दोन टन वजनाइतकं बळ लागतं. त्या काळातल्या माणसाला हा आकडा सांगून पटला नसता, घोडे थकलेले पाहून पटला.

धागा ठरल्यावर फळ्यावरचं बरंचसं आपोआप पुसलं गेलं. चुंबक आणि व्हॅन डी ग्राफ विषयाबाहेर गेले. (व्हॅन डी ग्राफ करणारच असाल तर दोन गोष्टी: दमट हवेत ते नीट चालत नाही, आणि पेसमेकर असलेल्यांना त्यापासून लांब ठेवावं लागतं.) रंगीत ज्वालांबद्दल मात्र ठासून लिहावंसं वाटतं. मिथेनॉलमध्ये क्षार घालून लाल, हिरव्या, जांभळ्या ज्वाला दाखवण्याचा प्रयोग फार लोकप्रिय आहे आणि त्यात अनेक विद्यार्थी गंभीर भाजले आहेत. मिथेनॉलची ज्वाला उजेडात धड दिसत नाही. विझली असं समजून कुणी बाटलीतून आणखी ओततं आणि बाटलीच्या तोंडातून आगीचा झोत समोरच्या रांगेवर जातो. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने याबद्दल जाहीर इशारे दिलेले आहेत. हा प्रयोग कितीही सुंदर असला तरी लोकांसमोर करू नका.

शेवटी उरले पाच प्रयोग: हवेची तोफ, चेपणारा डबा, निर्वात हंडी (पंपाने आतली हवा काढून घेता येते असं काचेचं भांडं), बरणीखालच्या मेणबत्त्या आणि द्रव नायट्रोजन. सव्वा तासाला पाच पुरतात. कार्यक्रमानंतर आता वाटतं की चारही पुरले असते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सभागृहासाठी अर्ज केला. सभागृह आधी ठरवा आणि प्रयोग त्यानंतर पक्के करा, हा माझा पहिला सल्ला. छताची उंची, वायुवीजन, धुराची सूचना देणारी यंत्रं, मंचावर विजेचा किती भार चालतो, सामान मंचापर्यंत कुठल्या वाटेने येतं, यावर निम्मे निर्णय अवलंबून असतात. आमच्या अर्जासोबत त्यांनी मागितलं ते असं: कार्यक्रमाचा मिनिटवार आराखडा, वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाचं सुरक्षापत्रक, विजेच्या उपकरणांची यादी आणि त्यांची वॅटक्षमता, मंचाचा नकाशा, त्यावर अग्निशामक आणि बाहेर पडायचे मार्ग, तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी विमा, आणि जोखीम-तक्ता. ‘विज्ञानाचा कार्यक्रम’ एवढं लिहून पाठवलेल्या अर्जाला कुणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

जोखीम-तक्ता हा शब्द वाचून मला धडकी भरली होती. प्रत्यक्षात तो एक साधा तक्ता असतो. प्रत्येक प्रयोगासाठी पाच रकाने: काय बिघडू शकतं, इजा कुणाला होईल, तशी शक्यता किती, ती कमी करायला आपण काय करतो, आणि तरीही घडलंच तर कोण काय करेल. शेवटच्या रकान्यात ‘आयोजक’ असं लिहू नका, माणसाचं नाव लिहा. तो तक्ता भरताना आमचा कार्यक्रम खऱ्या अर्थाने घडला. डबा कुठल्या हाताने उचलायचा, चिमटा कुठे ठेवायचा, गरम शेगडी कुणी बंद करायची, हे सगळं त्या रकान्यांमध्ये ठरलं आणि पुढे तेच आमच्या संहितेत आलं.

नायट्रोजनचं गणित इथे सविस्तर देते, कारण ते कुठेही एकत्र मिळालं नाही. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो आणि त्याचा वायू झाला की सुमारे ७०० पट जागा व्यापतो. म्हणजे पाच लिटर द्रवाचा साडेतीन घनमीटर वायू. सभागृह १,००० घनमीटरांचं असेल तर हा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी, ऑक्सिजन २०.९ वरून २०.८ टक्क्यांवर येतो, काही बिघडत नाही. पण मंचामागची तीन मीटर लांब-रुंद, २.७ मीटर उंच खोली घ्या. तिथे तेच पाच लिटर सांडले तर ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरतो, आणि १९.५ टक्क्यांखालची हवा कामाच्या जागी असुरक्षित मानतात. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस सरळ कोसळतो. म्हणून प्रेक्षकांनी भरलेलं सभागृह सुरक्षित आणि आमची सामानाची खोली धोक्याची, असं उलटंच चित्र निघालं. आम्ही भांडं त्या खोलीत ठेवायचं नाही असं ठरवलं, मंचाच्या कडेला मोकळ्यावर जागा आखली आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र भाड्याने घेतलं. लिफ्टमधून भांडं न्यायचं असेल तर भांडं एकटं जातं, माणसं जिन्याने. आणि काहीही झालं तरी द्रव नायट्रोजन झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत ओतायचा नाही. ती बाटली फुटतेच.

सभागृहाकडून मार्चच्या मध्यापर्यंत काही उत्तर आलं नाही. मग एक पत्र आलं, त्यात दोन हरकती होत्या.

पहिली हवेच्या तोफेबद्दल. मोठ्या बादलीच्या तळाला गोल भोक, तोंडावर ताणलेला प्लॅस्टिकचा पडदा, आत धूर. पडद्यावर थाप मारली की धुराचं कडं तरंगत निघतं आणि लांबवर रचलेले कागदी पेले पाडतं. धूर कसला, तर मंचावर वापरतात त्या यंत्रातलं पाणी आणि ग्लिसरीनचं धुकं. हा आगीचा धूर नव्हे, पण धूरसूचक यंत्राला त्यातला फरक कळत नाही. घंटा वाजली असती आणि सगळं सभागृह रिकामं करावं लागलं असतं. उपाय असा निघाला की कार्यक्रमाच्या वेळेपुरतं मंचावरचं सूचक यंत्र त्यांचाच तंत्रज्ञ लेखी नोंद करून बंद ठेवेल, आणि तेवढा वेळ एक माणूस फक्त आगीवर लक्ष ठेवून उभा राहील. त्या माणसाचे पैसे आमच्याकडून. धुक्याचं यंत्र वापरणार असाल तर हे पहिल्याच पत्रात लिहा, आठवडे वाचतील.

दुसरी हरकत मेणबत्त्यांबद्दल होती. मंचावर उघडी ज्योत चालणार नाही.

इथे आम्ही तिघं बराच वेळ भांडलो. प्रकाशयोजनेवाल्या मित्राचं म्हणणं, चार मेणबत्त्यांसाठी अग्निशमन विभागाचं वेगळं पत्र आणायचं म्हणजे महिने जाणार, सोडून द्या. माझा जीव मात्र त्याच प्रयोगात अडकला होता. ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेची बरणी पालथी घालायची. ज्योत विझते, पाणी बरणीत चढतं. कित्येकांनी शाळेत याचं स्पष्टीकरण पाठ केलेलं असतं: ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन. ऐकायला सुबक आणि तरीही चूक. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन वापरतच नाही, तो साधारण १६ टक्क्यांवर आला की ती विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होतात, म्हणजे जागा नुसती रिकामी होत नाही. खरं घडतं ते असं: ज्योतीने आतली हवा तापते, प्रसरण पावते, थोडी बरणीच्या कडेखालून बुडबुडे काढत निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा आणि वाफ थंड होते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. नीट पाहिलं तर पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर चढताना दिसतं. आमचा अख्खा धागा या एका बरणीत होता. लोकांच्या मनात आधीपासून बसलेली चूक त्यांच्याच डोळ्यांनी सुटताना बघायची संधी इतर कुठल्याच प्रयोगात नव्हती.

म्हणून पत्र आणायचं ठरवलं. अग्निशमन विभागाकडे एप्रिलमध्ये अर्ज केला. सोबत मेणबत्त्यांची संख्या आणि उंची, पेटत राहण्याचा काळ, टेबलावरचा न जळणारा पत्रा, समोर पारदर्शक आडोसा, पडद्यापासूनचं अंतर, ज्योतीजवळ उभ्या राहणाऱ्याचे कपडे सुती असतील आणि केस बांधलेले असतील ही हमी. पोचपावती मिळाली, मग मे पूर्ण शांततेत गेला. जूनमध्ये मी स्वतः गेले, तिथल्या अधिकाऱ्यांना मोबाइलवर तालमीचं चित्रण दाखवलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं आणि विचारलं, “पण पाणी वर का चढतं?” मी आधी त्यांनाच अंदाज विचारला. पुढचा अर्धा तास आमचं बोलणं परवानगीवर नव्हतंच. पत्र जुलैच्या शेवटी आलं, एका अटीसह: त्यांच्या नमुन्याप्रमाणे दोन अग्निशामक मंचाच्या दोन्ही बाजूंना हवेत आणि ते वापरायला शिकलेली माणसं शेजारी हवीत. आम्ही तिघांनीही ते प्रशिक्षण घेतलं. अर्ध्या दिवसाचं असतं आणि ते प्रत्येकाने घ्यावं असं आहे.

विम्याला त्या मानाने कमी वेळ लागला. विमा देणाऱ्याला प्रयोगांत रस नसतो. त्याला प्रेक्षकसंख्या, जोखीम-तक्ता आणि परवानगीची पत्रं लागतात, म्हणून विमा सगळ्यात शेवटी करायचा. खर्चाचा हिशोब विचाराल तर मोठा वाटा सभागृहाच्या भाड्याचा, त्यात तांत्रिक तालमीचं वेगळं भाडं धरून. त्याखालोखाल विमा, मग कॅमेरा आणि पडदा. प्रयोगांच्या सामानाचा खर्च या सगळ्यात किरकोळ निघाला. निर्वात पंप एका महाविद्यालयाने हमीपत्रावर दिला. असे पंप विकत घेऊ नका, मागा. प्रयोगशाळांमध्ये ते बहुतेक वेळ पडून असतात आणि प्रयोगशाळेतल्या लोकांना ते कामी आलेले बघायला आवडतात.

ऑगस्टपासून तालमी. डब्याचा प्रयोग हाताशी बसायला सगळ्यात सोपा. ॲल्युमिनियमच्या पेयाच्या रिकाम्या डब्यात दोन चमचे पाणी, विजेची शेगडी, तोंडातून वाफेचा दाट लोट निघू लागला की लांब चिमट्याने उचलून तोंड खाली करून थंड पाण्यात टेकवायचा. एक मिलिलिटर पाण्याची सुमारे १.७ लिटर वाफ होते. ती वाफ एका क्षणात पुन्हा पाणी झाली की आत जवळजवळ काहीच उरत नाही आणि बाहेरची हवा डबा चुरगाळते. वाफ निघायला लागल्यावर लगेच घाई करायची नाही, हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची. बर्फाची गरज नाही, साधं पाणी चालतं. पण डबा शेवटच्या रांगेला दिसत नाही, म्हणून वरून कॅमेरा, आणि पाण्याजवळ छोटा मायक्रोफोन. तो ‘कडाक्’ आवाज हा प्रयोगाचा अर्धा भाग आहे.

निर्वात हंडीला आधी बारीक भिंगाने तपासायचं, ओरखडा किंवा तडा दिसला तर वापरायची नाही, आणि तरीही समोर आडोसा ठेवायचा. आत अर्धवट फुगवलेला फुगा ठेवला की पंप सुरू होताच तो तट्ट फुगतो. अठराव्या शतकात पंप घेऊन फिरणारे व्याख्याते कधी कधी जिवंत पक्षी ठेवत, त्यापेक्षा फुगा फार चांगला. कोमट पाणी उकळवूनही दाखवलं: ६० अंशांचं पाणी दाब पाचव्या हिश्शावर आला की खदखदतं. मात्र तेलाच्या पंपात वाफ गेली की तेल खराब होतं, म्हणून हा भाग थोडक्यात आटपायचा आणि नंतर पंप काही वेळ रिकामा चालवायचा.

तालमींमध्ये खरा बदल झाला तो बोलण्यात. हार्वर्ड विद्यापीठातल्या एरिक माझूर यांच्या गटाने २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्गात प्रयोग नुसता पाहिलेले विद्यार्थी, तो न पाहिलेल्यांपेक्षा समजुतीत फारसे पुढे नव्हते. ज्यांना प्रयोगाआधी ‘काय होईल’ ते सांगायला लावलं होतं, त्यांना मात्र स्पष्ट फायदा झाला. हे वाचलं आणि मी संहिता उलटी केली. आधी प्रयोग आणि मग स्पष्टीकरण हा क्रम सोडला. प्रत्येक प्रेक्षकाला लाल, पिवळं आणि निळं अशी तीन कार्डं द्यायची, तीन शक्यता सांगायच्या, शेजाऱ्याशी बोलायला थोडा वेळ द्यायचा, कार्ड वर करायला लावायचं आणि मगच हात लावायचा. यात वेळ जातो, म्हणून तर प्रयोग पाचच. पण माणसाने एकदा कार्ड वर केलं की तो प्रयोग त्याचा होतो. रंजन धुरात किंवा स्फोटात असतं असं मला आता वाटत नाही. आपण म्हटलं तसं होणार की नाही, या ताणात ते असतं. आणि ताण सुटताना माणूस जे हसतो, तेव्हाच तो शिकायला सगळ्यात मोकळा असतो.

दुसरी गोष्ट, प्रयोग झाल्यावर लगेच बोलायचं नाही. डबा चेपला की लोकांना एकमेकांकडे बघायचं असतं. आमच्या तालमीला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं आणि नंतर प्रत्येक तालमीत त्या हाताने ‘थांब’ अशी खूण करत राहिल्या.

२१ नोव्हेंबरला तांत्रिक तालीम. सूचक यंत्र बंद-चालू करून पाहिलं, कॅमेऱ्यांच्या जागा खडूने आखल्या, पहिल्या रांगेपर्यंतचं अंतर टेपने मोजलं आणि एक रांग रिकामी ठेवायला सांगितली. द्रव नायट्रोजन त्याच संध्याकाळी आणला. चांगल्या भांड्यातही तो रोज थोडा उडून जातो, म्हणून फार आधी आणायचा नाही आणि लागतो त्यापेक्षा जरा जास्त सांगायचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून जोखीम-तक्ता पुन्हा वाचला, प्रत्येक ओळीपुढे कुणाचं तरी नाव होतं, तेव्हा कुठे डोळा लागला. भीती वाटली तर ती रास्तच आहे. तिला तक्त्यात जागा द्या.

कार्यक्रमाची सुरुवात तोफेने केली, कारण उशिरा येणारे लोक स्थिरावेपर्यंत काही गंभीर सांगण्यात अर्थ नसतो. धुराचं कडं मधल्या रांगांवरून तरंगत गेलं तशा सगळ्या माना त्याच्यामागे वळल्या. डब्याच्या वेळी कार्डं तिन्ही रंगांची वर झाली. डबा चेपल्यावर सभागृहात जो आवाज उठला तो टाळ्यांचा नव्हता, शेकडो लोक एकदम शेजाऱ्याला काहीतरी सांगत होते. मी बोलले नाही, थांबले. तेवढ्यात पुढच्या बाजूने एका मुलीने विचारलं, “ताई, मग आपण का नाही चेपत?” यापेक्षा चांगला प्रश्न मला लिहिता आला नसता. आपल्या फुप्फुसातली हवाही बाहेरच्या हवेइतक्याच दाबाने आतून ढकलते, आणि बाकीचं शरीर बहुतांशी पाणी आहे, ते सहजी दाबलं जात नाही. मी डब्यातून हवा काढली होती, तुझ्यातून कुणी काढलेली नाही. तिने मान डोलावली आणि आपल्या भावाला ते समजावून सांगू लागली.

मग मेणबत्त्या. आधी एका मेणबत्तीवर बरणी ठेवली आणि पाणी किती चढलं तिथे पट्टीने खूण केली. मग विचारलं, तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या बरणीखाली तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी कमी चढेल, तेवढंच चढेल की जास्त? ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढत असेल तर उत्तर ‘तेवढंच’ यायला हवं, कारण बरणीतला ऑक्सिजन तेवढाच आहे. लाल कार्डांची, म्हणजे ‘तेवढंच’ म्हणणाऱ्यांची, लाट उठली, त्यात मोठी माणसं जास्त. दिवे मंद केले, तीन ज्योती पेटल्या, बरणी खाली आली. पडद्यावर कडेखालचे बुडबुडे मोठे दिसत होते. ज्योती विझल्या, आणि पाणी खुणेच्या बरंच वर गेलं. मागून एक आजोबा उभे राहून मोठ्याने म्हणाले, “तापलेली हवा निसटली!” मला त्यांना पुढे काही सांगावंच लागलं नाही. त्यांनीच शेजारच्यांना सांगितलं.

नायट्रोजन शेवटी. ओतताना दिसणारा पांढरा ढग कशाचा, हा प्रश्न विचारा. बहुतेक जण नायट्रोजन म्हणतात. तो हवेतल्या बाष्पाचा असतो, नायट्रोजन स्वतः दिसत नाही. फुगा द्रवात बुडवला की तो आकसून सपाट होतो आणि आतली हवा खरोखर द्रव होते. बाहेर काढून धरला की डोळ्यांदेखत पुन्हा पूर्वीएवढा होतो. चेहऱ्याला गॉगल, हाताला सैल हातमोजे, की काही सांडलं तर झटकन काढता यावेत. प्रेक्षकांतून कुणाला वर बोलवायचं असेल तर या प्रयोगाला बोलवू नका, तोफेला बोलवा.

कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास प्रश्नांसाठी मोकळा ठेवला होता. तो ठेवाच, सगळ्यात चांगला भाग तोच. कुणीतरी विचारलं, स्ट्रॉ कितीही लांब केली तर पाणी पिता येईल का. नाही: तोंडातली सगळी हवा काढली तरी बाहेरची हवा पाण्याला दहा मीटरच्या आसपासच वर ढकलू शकते. ते ऐकून मुलांचा एक घोळका थेट बाल्कनीची उंची अंदाजायला गेला.

उरलेला नायट्रोजन दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेत सावकाश उडू दिला, पंप परत केला, हमीपत्र सोडवून घेतलं, आगीवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या नोंदवहीची प्रत घेतली. सभागृहाची अनामत डिसेंबरच्या शेवटी परत आली. अग्निशमन विभागाचं पत्र त्या एका तारखेपुरतंच होतं, पण पुढच्या अर्जाला त्याची प्रत, नोंदवही आणि कार्यक्रमाचं चित्रण जोडता येतं. आम्ही पुढचा अर्ज गेल्या आठवड्यात केला. या वेळी मेणबत्त्या सहा लिहिल्या आहेत.